मी सही केलेला पंचनामा

परवा ग्रामपंचायतीसमोर एकानं मला हसत हसत टोमणा मारला. "गुरुजीले पंच केलं का अर्धा दिवस गेला समजा. पहिले दोन मिनिटात सही करत होते, आता पूरा कागद वाचते, वरून खोडाखोड करते." बाकीचेही हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, याचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं. पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, कारण उद्या तुम्हालाही कोणी पंच म्हणून बोलावेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. शिकलेला, पेन्शनवाला, कोणाच्या भानगडीत नसलेला, म्हणून गावात पंचनामा असला की पहिलं बोलावणं मला. धुऱ्याचा वाद, गारपीट, जळालेला गोठा, विहिरीत पडलेलं जनावर. आजवर किती कागदांवर सही केली याचा हिशेब नाही. त्यातल्या एका सहीची ही गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. यवतमाळच्या सोळा तालुक्यांपैकी एक समजा. त्या घरातली पोरं अजून शाळेत जातात.

चार वर्षांपूर्वी भादव्यात माझा एक जुना विद्यार्थी गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. दोन वर्षं पीक हातचं गेलेलं, सोसायटीचं कर्ज थकलेलं. मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

तिसऱ्या दिवशी तलाठी आले. पोरगा नवीन होता, स्वभावानं वाईट नव्हता, त्याच्याकडे तीन गावांचा कारभार. पाऊस झिरपत होता, म्हणून आम्ही मारुतीच्या पारावर पत्र्याखाली बसलो. मी आणि आणखी चारजण. तो विचारत होता, आम्ही सांगत होतो, तो लिहीत होता. जमीन किती, पीक काय, कर्ज कोणाचं. मग त्यानं सहज विचारलं, "गुरुजी, व्यसन वगैरे काही होतं का?"

मी म्हणालो, "म्या त कधी पाह्यलं नाही बाबा. पण लोकं म्हणते, कधीमधी घेत होता."

एवढंच. मग आम्ही सह्या केल्या. मी कागद वाचला नाही. ओल्या हातानं धरला, खाली जिथं बोट ठेवलं तिथं नाव लिहिलं आणि घरी आलो.

सहा महिन्यांनी त्याची बायको एक पाकीट घेऊन माझ्या ओट्यावर आली. तिला वाचता येतं, पण सरकारी मराठी वाचणं वेगळं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रकरण 'अपात्र' ठरलं होतं. आत्महत्या कर्जबाजारीपणामुळे झाल्याचं दिसून येत नाही, मयतास दारूचं व्यसन होतं असं चौकशीत आढळलं, अशा अर्थाच्या दोन ओळी.

ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गुरुजी, हे कोनं सांगतलं?"

मी म्हणालो, "पाहतो, सूनबाई. विचारतो तहसीलमध्ये." मला तेव्हाच शंका आली होती. पण तिच्या तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर वारसांना १ लाख रुपयांची सानुग्रह मदत मिळते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं त्याचे निकष घालून दिले. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. जमीन शेतकऱ्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. आणि मरणाचं कारण नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा हे हवं. गावपातळीवर चौकशी होते, तहसीलदारांचा अहवाल वर जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते: पात्र, अपात्र की फेरचौकशी. आपल्या जिल्ह्यात हे तीन शब्द पोरासोरांनाही पाठ आहेत. चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ ला बायको-लेकरांसह गेले. तेव्हापासून हा जिल्हा मोजणीतच आहे.

सातबारा कागदावर असतो. कर्ज कागदावर असतं. पण तगादा? तो बहुतेक वेळा तोंडी असतो. वसुलीचा माणूस मोटरसायकलवर येतो, चार शब्द बोलतो आणि जातो. त्याची पावती कोण देतं? आणि मनात काय चाललं होतं याचा साक्षीदार एकच, तोही गेलेला. म्हणजे या चौकशीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावरच ठरणार. मग कोणाचं सांगणं धरायचं आणि कसं धरायचं, यावरच सगळं अडतं.

तिच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. फाइल मिळाली, अकरा पानं, दोन रुपये पानाप्रमाणे बावीस रुपये. चौथ्या पानावर माझं अक्षर. आणि त्याच्या वर हे वाक्य: 'मयत इसमास दारूचे व्यसन असल्याचे उपस्थित पंचांनी सांगितले.'

माझ्या वाक्याचे तीन तुकडे होते. मी पाहिलं नाही. लोक म्हणतात. कधीमधी. तिन्ही गळाले आणि उरलं 'व्यसन'. तलाठ्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या नमुन्यात एक रकाना होता, तो त्याला भरायचा होता. 'लोक म्हणतात' असा रकाना त्या नमुन्यात नाही.

पुढचं पान तिच्या जबाबाचं. ती म्हणाली होती, आदल्या रात्री ते मला म्हणाले, सेक्रेटरी आज चौकात चार लोकांसमोर बोलला, आता मला त्या रस्त्यानं जायला लाज वाटते. या जबाबाखाली शेरा: 'पत्नी तगादा असल्याचे सांगते, मात्र याबाबत लेखी पुरावा आढळून येत नाही.'

हे दोन्ही शेरे मी कितीदा वाचले असतील. गावानं सांगितलेली दारू, तिला लेखी पुरावा कोणी मागितला नाही. नवऱ्यानं बायकोला सांगितलेला अपमान, त्याला मागितला. दोन्ही ऐकलेल्याच गोष्टी. एक धरली, एक सोडली.

मग मी एक उद्योग केला. माझ्या तोंडी ते वाक्य आलं कुठून, याचा माग काढला. मी ऐकलं होतं पानठेल्यावर. पानठेलेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "मले त ट्रॅक्टरवाल्यानं सांगतलं." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी नाई पाह्यलं गुरुजी, माह्या साळ्यानं पाह्यलं." साळा शेजारच्या गावचा. गाठला त्याला. तो म्हणाला, "आदल्या वर्षी पोळ्याच्या करीले नाल्यावर तिघंचौघं बसले होते, त्यात हा बी होता. पेत होता का नाई, ते काई मी जवळ जाऊन पाह्यलं नाई."

आता आपल्याकडे करीच्या दिवशी अर्धं गाव नाल्यावर असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार तोंडं ओलांडून त्या एका संध्याकाळचं 'व्यसन' झालं, आणि त्यावर शेवटची सही माझी.

माझा एक विद्यार्थी यवतमाळला वकिली करतो. फाइल घेऊन त्याच्याकडे गेलो. मला वाटलं होतं तो म्हणेल, ऐकीव पुरावा चालतच नाही, हे सगळं रद्द. तो तसं म्हणाला नाही.

तो म्हणाला, "गुरुजी, कोर्टात ऐकीव साक्षीला मज्जाव आहे, हे खरं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६० तेच सांगतं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ५५ झालं. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानंच सांगायची, ऐकलेली ऐकणाऱ्यानंच. पण हा नियम कोर्टाचा. सरकारी चौकशीला तो जसाच्या तसा लागत नाही."

मग त्यानं मला एका कंडक्टरची गोष्ट सांगितली. हरियाणा रोडवेजचा रतनसिंग. तपासणी पथकानं गाडी धरली, भाड्याच्या पैशांचा गोंधळ सापडला, नोकरी गेली. त्याचं म्हणणं, चौकशीत एकाही प्रवाशाची साक्ष घेतली नाही, पथकानं ऐकलेल्या गोष्टीवर मला काढलं. खालच्या कोर्टांनी त्याचं ऐकलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते फिरवलं. उतरून गेलेल्या प्रवाशांना कुठे शोधत बसणार? खात्याच्या चौकशीत ऐकीव पुराव्यालाही बंदी नाही, फक्त त्याचा विषयाशी वाजवी संबंध हवा आणि तो विश्वास ठेवण्याजोगा हवा.

मला आधी हे पटलं नाही. पण एसटीत आयुष्य गेलेला माणूस आहे मी. घाटंजीला उतरलेला प्रवासी चौकशीसाठी परत कोण आणणार? आणि वकील पुढे जे बोलला त्यानं माझं डोकं जागेवर आलं. "ऐकीव पुरावा सरसकट बाद करा म्हणाल, तर पहिला फटका कोणाला? त्या बाईलाच. तिच्याजवळ आहे काय? नवरा काय बोलला एवढंच ना."

त्यातही गंमत अशी की तिचं सांगणं तर कोर्टातसुद्धा चाललं असतं. मेलेल्या माणसानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल, ज्या परिस्थितीतून ते मरण आलं तिच्याबद्दल जे सांगितलं, ते ऐकीव असूनही पुराव्यात धरता येतं. जुन्या कायद्यात कलम ३२, नव्या कायद्यात कलम २६. ते खुनापुरतंच नाही. पुण्याच्या एका विवाहितेच्या मृत्यूचा खटला, शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचा प्रश्न होता. न्या. फजल अली यांनी तेव्हा लिहिलं, हे कलम आत्महत्येलाही लागू होतं. म्हणजे आदल्या रात्री तो बायकोला जे बोलला त्याला कायद्यात जागा आहे. करीच्या दिवसाच्या चार तोंडी कहाणीला नाही. आमच्या फाइलीत नेमकं उलटं झालं होतं.

मी विचारलं, मग चौकशीत धरबंध काहीच नाही का? तो म्हणाला, आहे. केंद्र सरकार विरुद्ध टी. आर. वर्मा, १९५७. पुरावा कायदा लागू नसला तरी नैसर्गिक न्याय लागू. ज्याचं नुकसान व्हायचं आहे त्याच्यासमोर साक्ष घ्या, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या, त्याचा पुरावा मांडू द्या, आणि जी गोष्ट त्याला खुलाशाची संधी देऊन दाखवली नाही तिच्यावर निकाल देऊ नका. तेही नोकरीतल्या माणसाचंच प्रकरण होतं. "सानुग्रह मदत हा हक्क का मेहेरबानी, यावर समोरचा वकील वाद घालेल," तो म्हणाला, "पण बाईला एकदा विचारायला काय हरकत होती, की गाव असं म्हणतं, तुझं काय म्हणणं?"

मुद्दा माझ्या डोक्यात तिथं पक्का झाला. ऐकलेलं लिहू नका, असं नाही. लिहा. पण ऐकलेलं म्हणून लिहा, कोणाकडून ऐकलं ते लिहा, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या घरच्यांना ते वाचून दाखवा. माझं पूर्ण वाक्य त्या कागदावर असतं आणि तिला वाचून दाखवलं असतं, तर तिनं तिथंच उत्तर दिलं असतं.

आणि एक गोष्ट तर माझ्याही लक्षात आली नव्हती. ती म्हणत होती, चौकात, चार लोकांसमोर. म्हणजे चार प्रत्यक्ष साक्षीदार होते की! पारापासून शंभर पावलांवर. आम्ही पाचजण तिथं बसून नाल्यावरच्या गोष्टी सांगत होतो, आणि चौकात कोण उभं होतं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी त्या चौघांकडे गेलो. दोघं म्हणाले, आठवत नाही. एक म्हणाला, "आठवते गुरुजी, पन सोसायटीतून मलेबी पीककर्ज घ्या लागते." चौथा म्हातारा होता, त्याला कोणाकडून काही घ्यायचं उरलं नव्हतं. तो म्हणाला, "लिहा, मी अंगठा देतो."

त्यानंतर मी तिच्या घरी गेलो. हे सगळ्यात अवघड होतं. म्हणालो, "सूनबाई, तू विचारलं होतं, कोनं सांगतलं. म्या सांगतलं." काय बोललो होतो, कागदावर काय आलं, सगळं सांगितलं. म्हातारी दारात बसली होती, तिनं तोंड फिरवलं. सूनबाई एवढंच बोलली, "तुमी त यायले शिकवलं होतं, गुरुजी."

यावर मी काय बोलणार?

मी प्रतिज्ञापत्र केलं. पंचनाम्याच्या दिवशी मी प्रत्यक्षात काय म्हणालो ते. ते कोणाकडून ऐकलं, तो माग कुठे जाऊन संपला, ते. सोबत म्हाताऱ्याचा जबाब, सोसायटीची थकबाकीची नोटीस आणि फेरचौकशीचा अर्ज. टेबलावरच्या बाबूनं वाचून माझ्याकडे पाहिलं. "स्वतःच्याच पंचनाम्याविरुद्ध लिहून देता का गुरुजी?" मी म्हणालो, विरुद्ध नाही, तो पूर्ण करून देतो.

आठ महिन्यांनी फेरचौकशीला वेगळे अधिकारी आले. ते तिच्या अंगणात बसले. त्यांनी जुना कागद काढला आणि तिला वाचून दाखवला, गाव काय म्हणतं, सोसायटी काय म्हणते. मग विचारलं, बाई, तुमचं काय म्हणणं आहे? इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा.

ती म्हणाली, "करीच्या दिवशी घेतली असन, साहेब. मी नाई म्हनत नाई. पन सोसायटीचं कर्ज करीच्या दिवशीचं नोतं."

अधिकाऱ्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी त्यांच्या खांद्यामागून वाचलं. मग सही केली.

त्या प्रकरणाचा निकाल अजून आलेला नाही. समितीच्या दोन बैठकांत ते पुढे ढकललं गेलं. पात्र होईल की नाही, मी सांगू शकत नाही. ती आता रोजमजुरीला जाते, शेत ठोक्यानं दिलं आहे. मोठा पोरगा आठवीत आहे, मागच्या महिन्यात त्यानं ते पाकीट कपाटातून काढून वाचलं. त्या दिवशी ती मला म्हणाली, "पैसे येतीन तवा येतीन. पन ते दारूचं कागदावरून पुसलं का?" मी म्हणालो, पुसत नाहीत, सूनबाई. त्याच्यापुढे तुझं म्हणणं लिहिलं जातं. तिला ते पुरेसं वाटलं नाही. मलाही नाही.

हे एका घरापुरतं आहे असं समजू नका. २०१७ चा पावसाळा आठवा. फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा पानठेल्यावर काय चालायचं? "रुमाल बांधला नसन." "उपाशी गेला असन." "घेऊन गेला असन." यातलं कोणी काय पाहिलं होतं? गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही टाकलं तर तो उठून उत्तर देत नाही. आपल्याला ते सोपं जातं. 'असन'चं 'होतं' कधी होतं ते कळतही नाही, आणि तो कागद जिल्ह्याला पोचतो.

म्हणून भाऊ, मला पंचनाम्याला वेळ लागतो. मी काय करतो ते सांगतो, पटलं तर तुम्हीही करा. पाहिलं असेल तर 'पाहिलं' म्हणून लिहायला लावतो. ऐकलं असेल तर 'ऐकलं' आणि कोणाकडून, तेही. सांगणारा नाव द्यायला तयार नसेल तर ती गोष्ट मी सांगतच नाही. सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, चूक असेल तिथं खोडून बाजूला आद्याक्षरी करतो. मोबाईलवर कागदाचा फोटो घेतो. आणि घरच्यांना बोलावून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवतो.

तहसील आणि जिल्ह्याच्या साहेबांपैकी कोणी हे वाचत असेल तर एकच विनंती. त्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवा: ही माहिती सांगणाऱ्यानं स्वतः पाहिली की ऐकली? आणि त्याच्याखाली एक ओळ: हे वारसांना वाचून दाखवलं, त्यांचं म्हणणं असं. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना पैसा.

मागच्या आठवड्यात एका पडलेल्या घराचा पंचनामा होता. नवा तलाठी आला, मला पाहून म्हणाला, "गुरुजी, तुमचं ऐकून आलो आहे, चहा सांगून ठेवा, वेळ लागेल." कोणाकडून ऐकलं, ते मात्र मी त्याला विचारलं.